लेमिंग्टनची हिरवळ : लॉन टेनिसच्या जन्माची हकीकत

ज्युबिलीच्या उन्हाळी उत्सवांत टेनिसचे सामने भरवावे असा आपल्या तरुण मंडळींचा आग्रह पडला, तेव्हां पॅरिशमधील कांहीं वडीलधाऱ्या गृहस्थांनीं दोन शंका काढल्या. पहिली ही कीं, देवळाच्या आवारांत चेंडू खेळणें शोभतें काय? दुसरी ही कीं, टेनिस हा साहेबलोकांचा व पैसेवाल्यांचा खेळ. जेथें निम्म्या घरांचा संसार हातावर चालतो तेथें तो हवा कशाला? दोन्ही शंका पोक्त विचाराच्या आहेत, व त्या थट्टेवारी नेणें बरें नव्हे. पण दोन्ही जुन्या आहेत. पहिलीस पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि दुसरीचें मूळ शोधूं गेल्यास तें ह्या खेळाच्या जन्माच्याच सालीं व जन्माच्याच गांवीं सांपडतें. तें गांव म्हणजे इंग्लंडांतील लेमिंग्टन. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

प्रथम देवळाच्या आवाराची गोष्ट घेऊं. चेंडू हाताच्या तळव्यानें मारून पलीकडे धाडण्याचा खेळ मध्ययुगांत फ्रान्स देशीं फार प्रिय होता. त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थच मुळीं 'तळहाताचा खेळ' असा आहे. रॅकेट मागाहून आली. मठाच्या आंतील चौकाभोंवतीं ज्या पडव्या असतात, त्यांच्या उतरत्या छपरावर चेंडू टाकून तो घरंगळत खालीं कोठें येतो तें पाहत खेळण्याची रीत तेथेंच पडली असावी, असें बहुतेक इतिहासकार मानतात. पुढें राजवाड्यांतून ह्या खेळासाठीं ज्या बंदिस्त इमारती उठल्या, त्यांतहि भिंतीच्या कडेनें तसेंच उतरतें छप्पर मुद्दाम ठेवीत आले. टेनिस हा शब्द चेंडू टाकणाऱ्याच्या 'हा घ्या' अशा अर्थाच्या फ्रेंच आरोळीवरून निघाला असें म्हणतात. राजेलोकांस तर ह्या खेळाचें वेडच लागलें होतें. फ्रान्सचा दहावा लुई १३१६ सालीं खेळून घामाघूम झाला, वर थंडगार द्राक्षारस प्याला, व त्यांतच दगावला अशी कथा आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत ऑटर नदीच्या कांठीं ऑटरी सेंट मेरी नांवाचें एक गांव आहे. कोलरिज कवीचें तें जन्मस्थान. तेथील भव्य देवळास एक्झिटरचे बिशप ग्रँडिसन यांनीं १३३७ सालीं धर्मगुरूंचा संघ जोडून दिला होता. ह्याच देवळाच्या आवारांत टेनिस खेळण्याविरुद्ध बिशप एडमंड लेसी यांनीं १४५१ सालीं ताकीद काढली. खेळणाऱ्यांत प्रापंचिक होते, तसे धर्मगुरुहि होते, हें येथें प्रांजळपणें सांगितलेलें बरें. पण बिशपमहाराजांचा कटाक्ष कशावर होता? तें आवार म्हणजे दफनभूमि. तेथें गांवच्या मृतांचीं हाडें विसावलेलीं. आणि त्यांच्या उशापायथ्याशीं हे खेळगडी शिव्या देत, खोट्या आणभाका घेत, भांडत. चेंडूवर त्यांचा राग नव्हता. जागेवर व जिभेवर होता. आमचें मैदान देवळामागें असलें तरी तेथें एकहि थडगें नाहीं, व जिभेचा बंदोबस्त पंचांनीं करावयाचा आहे.

खेळ ही गोष्टच मुळीं धर्मास वर्ज्य, असें मानणाऱ्यांनीं सेंट थॉमस अक्वायनस यांच्या महाग्रंथांतील खेळाविषयींचें प्रकरण अवश्य पाहावें. तेथें त्यांनीं जुन्या मठवासी कॅसियनची एक गोष्ट दिली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांसह खेळत असतां कोणा एकास तें खटकलें. त्याच्या हातीं धनुष्य होतें. योहानानें त्यास बाण सोडावयास सांगितलें, पुन्हां सोडावयास सांगितलें, व असेंच सारखें सोडीत राहशील काय म्हणून विचारलें. तो म्हणाला, तसें केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेंहि तसेंच आहे, असें योहानाचें उत्तर. सेमिनरींत हा भाग शिकतांना आम्हां विद्यार्थ्यांस विशेष गोडी वाटे, कारण तो तास संपला कीं मैदानावर जाण्याची घंटा होत असे. असो.

आतां लेमिंग्टनकडे वळूं. हें गांव वॉरिकशर परगण्यांत लीम नदीच्या कांठीं वसलेलें आहे. लीम पुढें वॉरिकजवळ एव्हन नदीस मिळते, व एव्हन शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डकडे जाते. अठराव्या शतकाअखेर लेमिंग्टन म्हणजे एक खेडें होतें. तेथील खाऱ्या झऱ्यांचें पाणी औषधी आहे अशी ख्याति झाली, १८१४ सालीं नदीलगत मोठें स्नानगृह उभें राहिलें, आणि संधिवाताचे श्रीमंत रोगी गाड्या भरभरून येऊं लागले. १८३८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें गांवाच्या नांवास 'रॉयल' हें उपपद दिलें. नदीच्या कांठीं बाग झाली. तिला पुढें तेथील नामांकित डॉक्टर जेफसन यांचें नांव मिळालें. आजारी माणूस पाणी पिऊन दिवसभर काय करणार? त्यास वाद्यें ऐकावयास हवीं, फुलांचीं प्रदर्शनें हवींत, व त्याच्या मुलाबाळांस कांहींतरी खेळ हवा. तीर्थक्षेत्राच्या गांवीं जसा यात्रेकरूंवर बाजार चालतो, तसा ह्या गांवीं उन्हाळी पाहुण्यांवर चाले.

खेळाचा शोध मात्र लेमिंग्टनांत लागला नाहीं. तो लागला बर्मिंगहॅम शहराच्या एजबॅस्टन भागांत. तेथें हॅरी जेम नांवाचे वकील राहत. ते स्वयंसेवक पलटणींत मेजरहि होते. त्यांचे स्नेही ऑग्युरिओ परेरा हे स्पेन देशाचे व्यापारी. परेरांच्या घराची हिरवळ मोठी. १८६० च्या सुमारास ह्या दोघांनीं तेथें दोरी बांधून चेंडू मारावयास आरंभ केला. परेरांच्या मायदेशीं 'पेलोता' नांवाचा चेंडूचा खेळ आहे. त्यावरून ह्यांनींहि आपल्या खेळास तेंच नांव दिलें. (ज्या वस्तींत हें चाललें होतें, त्याच वस्तींत कार्डिनल न्यूमन यांचें ऑरेटरी मठगृह होतें. त्याचा ह्या कथेशीं कांहीं संबंध नाहीं. पण कॅथॉलिक वाचकास त्या जागेचें नांव ऐकून दुसरें कांहीं आठवणें कठीण.)

हा खेळ त्याच वेळीं कां निघाला, शंभर वर्षें आधीं कां नाहीं, ह्याचें उत्तर दोन कारागिरांच्या हातांत आहे. जुन्या टेनिसचा चेंडू चिंध्या वा लोंकर ठासून भरलेला असे. फरशीवर तो उसळे, गवतावर मात्र मेल्यासारखा पडे. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर ह्यानें १८३९ सालीं रबरांत गंधक मिसळून तें तापविण्याची युक्ति शोधिली, आणि पोकळ रबरी चेंडू शक्य झाला. गवतहि तसेंच. विळ्यानें कापलेली हिरवळ उंचसखल राही. १८३० सालीं ग्लॉस्टरशरमधील एडविन बडिंग ह्यानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. कापडाच्या गिरणींत लव छाटण्याचें पातें पाहून त्यास तें सुचलें होतें. त्यापूर्वीं गालिच्यासारखी जमीन ठेवणें हें केवळ फौजेएवढे माळी पदरीं बाळगणाऱ्या सरदारांचें काम होतें. एक यंत्र व एक चेंडू, ह्या दोहोंच्या पोटीं हा खेळ जन्मला.

जेम व परेरा दोघेहि पुढें लेमिंग्टनांत राहावयास आले. तेथें डॉ. हेन्स व डॉ. टॉमकिन्स ह्या दोन तरुण वैद्यांस बरोबर घेऊन त्यांनीं १८७२ सालीं मॅनर हाउस हॉटेलच्या हिरवळीवर क्लब स्थापिला. लॉन टेनिसचा जगांतील हा पहिला क्लब म्हणून तेथें त्याची स्मृति जपलेली आहे. टेनिसचे जनक म्हणून पुष्कळ दिवस ज्यांचें नांव घेत असत ते मेजर वॉल्टर विंगफील्ड हे पुढचे. त्यांनीं फेब्रुवारी १८७४ मध्यें आपल्या खेळाचें पेटंट घेतलें, त्यास 'स्फेरिस्टिके' असें जीभ अडखळविणारें ग्रीक नांव दिलें, आणि जाळें, खांब, चेंडू व रॅकेट एका लांकडी पेटींत घालून ती पांच गिनींस विकावयास काढली. त्यांचें मैदान मध्यें अरुंद व दोन टोकांस रुंद, डमरूच्या आकाराचें होतें. विंगफील्ड हे व्यापारी बुद्धीचे पुरुष. त्यांच्यामुळें खेळ घरोघर गेला हें खरें. तथापि शोधाचा मान जेम-परेरांसच दिला पाहिजे असें आमचें मत आहे. दुकान मांडणारा व मुळांत वस्तु घडविणारा ह्यांत भेद असतो.

पांच गिनी म्हणजे एकशें पांच शिलिंग. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण दुसऱ्या शंकेचा उगम येथेंच आहे.

ज्या १८७२ सालीं लेमिंग्टनच्या हिरवळीवर हे चार गृहस्थ जमले, त्याच वर्षाच्या ७ फेब्रुवारीस गांवापासून कांहीं मैलांवर वेल्सबोर्न खेड्यांत शेतमजुरांची सभा भरली. वक्ता जोसेफ आर्च. कुंपणें छाटून पोट भरणारा बारफर्डचा मजूर, व मेथडिस्ट पंथाचा प्रचारक. थोडे लोक येतील असें त्यास वाटलें होतें; हजारावर आले. चेस्टनटच्या झाडाखालीं, कंदिलांच्या उजेडांत, आर्च एका बाकावर उभा राहून बोलला. त्या परगण्यांत शेतमजुरास आठवड्यास बारा शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळे. त्यांनीं सोळा मागितले. मार्चमध्यें काम बंद पडलें. शुभ शुक्रवारीं लेमिंग्टनांत मोठी सभा होऊन परगण्याचा संघ निघाला, व मेअखेर त्याच गांवीं सगळ्या देशाच्या शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. दोन वर्षांत त्याचे सभासद ऐंशी हजारांवर गेले. त्या डिसेंबरांत लंडनच्या एक्झिटर हॉलमध्यें ह्या मजुरांच्या कैवाराची सभा झाली, तींत वेस्टमिन्स्टरचे कॅथॉलिक आर्चबिशप मॅनिंग हे व्यासपीठावर होते. पुष्कळ प्रतिष्ठित लोकांस तें रुचलें नाहीं.

हिशेब साधा आहे. बारा शिलिंग आठवडा धरल्यास विंगफील्डच्या एका पेटीस मजुराची जवळ जवळ नऊ आठवड्यांची सबंध कमाई लागती, तीहि घरीं चूल न पेटवितां. एकाच गांवीं, एकाच सालीं, एका बाजूस गवतावर चेंडू उडविणारे व दुसऱ्या बाजूस तेंच गवत कापून पोट न भरणारे. जेम व परेरा हे दुष्ट होते असें नव्हे. पण हा खेळ श्रीमंतांचा आहे अशी जी आपल्या वडीलधाऱ्यांची शंका, ती वॉरिकशरच्या मजुरास आधींच पडली असती, एवढें कबूल करणें भाग आहे.

क्लब झाले, तशा उन्हाळ्यांत गांवोगांव स्पर्धा निघाल्या. जुलै महिन्यांत दिवस लांब. बागेंत वाद्यवृंद, चहाचा तंबू, फुलांचे ताटवे व मध्यें पांढऱ्या पट्ट्यांचें मैदान, असें एकंदर स्वरूप. ह्या ग्रामस्पर्धांचें खरें वैशिष्ट्य मात्र निराळें होतें, व त्याकडे आजचे खेळाडू पाहत नाहींत म्हणून येथें थोडें थांबतों. बहुतेक ठिकाणीं खुल्या सामन्यांबरोबर हँडिकॅपचे सामने असत. खेळाडू किती कसलेला आहे हें पाहून पंचमंडळी त्याची पायरी ठरवी. दुबळ्यास प्रत्येक डावाच्या आरंभींच पंधरा किंवा तीस गुण द्यावयाचे. प्रबळ असेल त्यास उलट पंधराचें कर्ज, म्हणजे तो शून्याच्याहि खालून चढणार. कधीं 'बिस्क' नांवाची सवलत देत. त्या योगें खेळाडूस आपल्या सोईनें, हव्या त्या क्षणीं, एक गुण फुकट मागून घेतां येई. ह्यामुळें केमिस्टचा मुलगा व परगण्याचा पटाईत खेळाडू एकाच मैदानावर अटीतटीनें खेळूं शकत, आणि पाहणाऱ्यांस शेवटपर्यंत निकाल कळत नसे. खेळांतील विषमतेस इंग्रज मनुष्यानें असा नामी तोडगा काढला. पैशाच्या विषमतेस तो काढावयास त्याला बराच उशीर लागला.

विंबल्डनची थोरली स्पर्धा अशीच एका लहान निकडीतून निघाली. तेथील क्रोके क्लबाचा घोड्यानें ओढावयाचा रूळ नादुरुस्त होता, व दुरुस्तीस पैसे नव्हते. म्हणून १८७७ च्या जुलैंत वर्गणी घेऊन सामने भरविले. बावीस जणांनीं नांवें दिलीं. स्पर्धेच्या मध्येंच ईटन व हॅरो ह्या शाळांचा क्रिकेटचा सामना आल्यानें टेनिस थांबवावें लागलें. पुढें पावसानें अंतिम सामना १९ जुलैवर गेला. एक शिलिंग देऊन सुमारें दोनशें लोक पाहावयास आले, आणि स्पेन्सर गोर जिंकला. डमरूचा आकार काढून मैदान अठ्ठ्याहत्तर फूट लांब व सत्तावीस फूट रुंद केलें तेंहि ह्याच वेळीं. तें माप आजतागायत चालू आहे. ज्युबिलीसाठीं वर्गणी मागत फिरणाऱ्या आमच्या कमिटीनें ह्या रुळाची कथा अवश्य लक्षांत ठेवावी.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १८७९ सालीं, विंबल्डनचा विजेता झाला तो एक धर्मगुरु: यॉर्कशरमधील बर्नस्टन गांवचे अँग्लिकन पाद्री जॉन हार्टली. आपण शेवटपर्यंत टिकूं अशी त्यांस अपेक्षाच नव्हती, म्हणून रविवारच्या उपासनेसाठीं बदली माणूस नेमला नव्हता. शनिवारीं जिंकल्यावर ते आगगाडीनें घरीं गेले, रविवारीं उपासना चालविली, सोमवारीं पहांटे उठून दहा मैलांवरचें थर्स्क स्टेशन गांठलें, दुपारीं दोनला लंडनांत उतरले व सामन्याच्या वेळेला कसेबसे हजर झाले. सुदैवानें पाऊस पडला. तेवढ्यांत चहा पोटांत गेला, हुशारी आली, व ते जिंकले. पुढें अंतिम सामन्यांत त्यांनीं आयर्लंडच्या गूल्ड ह्यास हरविलें. ह्या गूल्डची गति वाईट झाली. जुगाराच्या नादानें तो माँटे कार्लोस गेला, १९०७ सालीं तेथें एका स्त्रीच्या खुनांत सांपडला, व १९०९ सालीं फ्रेंचांच्या काळ्या पाण्यावर मेला. हार्टली १८८० सालीं पुन्हां जिंकले. विंबल्डनचें एकेरी विजेतेपद मिळविणारे धर्मगुरु तेवढे तेच. त्यांची सद्दी १८८१ सालीं विल्यम रेनशॉ ह्यानें संपविली, तीहि अवघ्या सदतीस मिनिटांत.

हा रेनशॉ लेमिंग्टनचाच पोर. विल्यम व अर्नेस्ट हे जुळे भाऊ १८६१ सालीं तेथें जन्मले. विल्यमनें सात वेळां विंबल्डन जिंकलें, अर्नेस्टनें एकदां. डोक्यावरून येणारा चेंडू खालीं हाणून संपविण्याचा फटका त्यांच्यामुळेंच प्रसिद्ध झाला. हिंवाळ्यांत ते फ्रान्समध्यें कान येथें जात. तेथें उन्हानें गवत जळे, म्हणून त्यांनीं कुंभारकामाच्या फुटक्या खापरांचा भुगा मैदानावर पसरला. मातीच्या कोर्टाचा उगम येथून सांगतात. वॉरिकशरच्याच बर्क्सवेल गांवच्या रेक्टरची मुलगी मॉड वॉटसन ही १८८४ सालीं विंबल्डनची पहिली महिला विजेती झाली. अंतिम सामन्यांत तिनें थोरली बहीण लिलियन हिला हरविलें. त्या वर्षीं स्त्रियांच्या सामन्यांत नांवें तेरा होतीं. आपल्या उत्सवांत मुलींचे सामने ठेवावे कीं नाहीं ह्याची चर्चा अजून चालते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आपल्या प्रांताचा ह्या हकीकतीशीं संबंध कमी नाहीं. मुळा-मुठेच्या कांठीं पुण्याच्या छावणींत इंग्रज अधिकारी पिसांचें फूल उडवीत, व त्या खेळास 'पूना'च म्हणत. आजच्या बॅडमिंटनचे आरंभींचे नियम तेथेंच जुळले. त्याचेंहि मैदान १९०१ पर्यंत डमरूच्याच आकाराचें होतें. मुंबईंत १८७५ सालीं बॉम्बे जिमखाना झाला, पण तो गोऱ्यांपुरता. मग पारशी, हिंदु, मुसलमान व कॅथॉलिक मंडळींनीं आपापले जिमखाने काढले. एका बंद दारावर अनेक दारें उघडलीं, पण प्रत्येक दार पुन्हां जातीपुरतेंच. हिंदुस्थानचा संघ डेव्हिस कपांत प्रथम उतरला १९२१ सालीं. कृष्णाकांठच्या सांगलींत जन्मलेले नंदू नाटेकर हे पोरवयांत टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, व १९५६ सालीं मलायांत परदेशची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटु ठरले. कृष्णन १९५४ सालीं विंबल्डनचे कुमार विजेते झाले, आणि १९६० व १९६१ सालीं तेथें उपांत्य फेरीस पोंचले. दक्षिणेकडे पुष्कळ कोर्टें शेणानें सारवलेलीं असत, हें ऐकून साहेबाचा खेळ म्हणणाऱ्यांनीं थोडें मवाळ व्हावें.

इंग्लंडांत दार उघडलें तें फ्रेड पेरी ह्याच्या रूपानें. बाप मूळचा कापसाच्या गिरणींतला कामगार, पुढें मजूर पक्षाचा पार्लमेंटांतील सभासद. मुलगा आपल्या वसाहतीच्या साध्या कोर्टांवर शिकला, आणि १९३४, १९३५ व १९३६ असा ओळीनें तीन वर्षें विंबल्डन जिंकला. पहिल्या विजयानंतर क्लबच्या सभासदत्वाचा टाय त्याच्या हातीं न देतां खुर्चीवर टाकून ठेवला होता, व चांगला खेळाडू हरला असें एक अधिकारी बोलतांना त्यानें ऐकलें, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. १९८४ सालीं त्याच क्लबनें आवारांत त्याचा पुतळा उभा केला.

आमच्या सामन्यांची व्यवस्था आतां सांगून टाकतों. प्रवेश-फी ठेविलेली नाहीं. रॅकेट आठ आहेत. त्या पॅरिशच्या, कोणा एकाच्या नव्हेत, व प्रत्येक सामन्यानंतर पुढच्या जोडीस द्यावयाच्या. मुली, मुलगे व प्रौढ असे तीन गट केले आहेत, आणि तिन्हींत हँडिकॅप राहील. पायऱ्या ठरविण्याचें काम शाळेच्या दोन शिक्षकांकडे दिलें आहे. मैदान मुरूम घालून रुळानें दाबलें, वर शेण-मातीचें सारवण झालें, व पट्टे चुन्यानें आंखले. शिवी देणाऱ्याचा तो डाव गेला असें समजावें. पहिला सामना सकाळच्या मिस्सेनंतर लागलीच सुरू होईल, कारण दहा वाजल्यापुढें ह्या मैदानावर अनवाणी पाय ठरत नाहीं, आणि खेळणाऱ्यांपैकीं निम्मे अनवाणीच आहेत.